वरच्या रांगेचं पाणी

आरासेलीने डाव्या हाताने वेळूची लांब काठी उचलली आणि टोकाला बांधलेला पाण्याचा डबा कसाबसा भिंतीवर टांगलेल्या कुंड्यांच्या तिसऱ्या रांगेपर्यंत नेला. तिथे काठी डगमगली. अर्धं पाणी भिंतीच्या ताज्या चुन्यावर सांडलं, अर्धं तिच्याच मानेवरून पाठीत उतरलं.

"मेली काठी! मेला खांदा!" तिने रिकाम्या अंगणाला ऐकवलं.

अंगण काही रिकामं नव्हतं. वरच्या सज्जात बार्सेलोनाची पाहुणी कॉफीचा पेला धरून उभी होती.

मार्चमध्ये शिडीवरून पडून आरासेलीचा उजवा खांदा मोडला होता. आल्वारोने, तिच्या मुलाने, तीच संधी साधली. "आई, पुरे कर आता. तळमजल्यावर आणखी दोन फ्लॅट काढू. मे महिन्यात कोर्दोब्यात कोंबड्यांचं खुराडंसुद्धा भाड्याने जातं." आरासेली भडकली आणि बोलून बसली, की यंदा आपलं अंगण गावातल्या फुललेल्या अंगणांच्या मे महिन्यातल्या स्पर्धेला उभं राहिलं नाही तर काढ तुझे फ्लॅट, कुंड्याही वीक. आता मे उजाडला होता, परीक्षक कुठल्याही दिवशी दार ठोठावणार होते, आणि वरच्या दोन रांगा माना टाकत होत्या.

वरचा फ्लॅट मात्र नवरा गेल्यापासून तीच सुट्टीच्या पाहुण्यांना देत असे. ही पाहुणी अठ्ठ्याहत्तरची, एकटी, आठवड्यासाठी आलेली. बुकिंग तिच्या नातीने केलेलं. पहिल्याच दिवशी आरासेलीने तिला नियम ऐकवले होते. कुंड्यांना हात लावायचा नाही. गेल्या वर्षी माद्रिदच्या एका जोडप्याने भर दुपारी प्रेमाने पाणी घालून कार्नेशनची अख्खी रांग मारली होती. मग साल्मोरेखो, म्हणजे टोमॅटोचं गार सूप, तिच्यापुढे ठेवून ते कसं खायचं हेही शिकवलं, कारण उत्तरेकडच्या माणसांना त्यातलं काय कळतं! पाहुणीने सगळं मान डोलवत ऐकून घेतलं होतं.

आता ती जिना उतरून खाली आली.

"द्या इकडे."

"अहो बाई, तुम्ही पैसे मोजून राहताय. बसा निवांत. हे बार्सेलोनावाल्यांचं काम नव्हे."

"नसेल," पाहुणी म्हणाली आणि काठी घेतली.

तिने डबा काठोकाठ भरला नाही, अर्ध्याच्या वर दोन बोटं भरला. काठीचं बूड कमरेला टेकवलं आणि थेट सगळ्यात वरच्या रांगेपासून सुरुवात केली. डबा कुंडीवर अलगद कलंडे, मनगट जरासं वळे, आणि शेवटचा थेंबसुद्धा मातीतच पडे. भिंत कोरडी ठणठणीत. आरासेलीने या कामात आजवर स्वतःखेरीज कुणाची तारीफ केली नव्हती, नवऱ्याची तर नाहीच. पण असा हात तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता, तिचा स्वतःचाही असा नव्हता, आणि हे कबूल करताना तिला चक्क आनंद झाला.

विहिरीजवळच्या कोपऱ्यात पाहुणीने प्रत्येक कुंडीला निम्मंच पाणी दिलं.

"तिथे कमी का?"

"तिथे जून लागेपर्यंत ऊन येत नाही ना."

"चार दिवसांत तुम्हाला जूनचं कसं कळलं?"

पाहुणीने काठी भिंतीला टेकवली.

"नाव काय हो तुमचं? बुकिंगवर तर नातीचं आहे."

"फुएनसांता."

आरासेली विहिरीच्या कठड्यावर टेकली. ते गावच्या देवीचं नाव. कोर्दोब्याबाहेर आपल्या मुलीला ते कोण ठेवील?

"कुठल्या घरच्या तुम्ही?"

फुएनसांताने वर बोट दाखवलं. "तुमच्या फ्लॅटचं ते निळ्या फरशीचं न्हाणीघर आहे ना, त्यात आम्ही सात जण झोपायचो. तेव्हा इथे नऊ बिऱ्हाडं होती. पाण्याच्या पाळ्या लावलेल्या. मी उंच, म्हणून वरची रांग माझी. चौदाव्या वर्षी आगगाडीत बसले, वडिलांना तिकडे गिरणीत काम मिळालं."

"आणि मी तुम्हाला साल्मोरेखो शिकवत होते! तोंड का नाही उघडलंत?"

"छान शिकवत होता. लसूण तेवढा कमी पडतो."

आरासेली खांदा दुखेपर्यंत हसली. मग म्हणाली, "पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत."

"जुनं घर बघायला आलेय म्हटलं की मालक दारातूनच वाटेला लावतात. पैसे भरून आलं की कुणी काही विचारत नाही."

आरासेलीने आत जाऊन दोघींसाठी कॉफी ठेवली.

पुढचे दिवस सकाळ-संध्याकाळ वरच्या रांगा फुएनसांताच्या हाती होत्या. शुक्रवारी परीक्षक आले तेव्हा भिंत वरपासून खालपर्यंत लाल-गुलाबी झाली होती. तिघेही माना वर करून पाहू लागले. आल्वारोही आला होता. त्यानेही मान वर केली.

"सांभाळतं कोण हे?" चष्मेवाल्या परीक्षक बाईंनी कागद काढला.

फुएनसांता जिन्याकडे सरकली. "मी इथे भाड्याने आहे. सगळं यांचंच."

"तिचं काही ऐकू नका," आरासेली म्हणाली. "ती या घरची आहे. मी मागाहून आले, लग्न होऊन."

बाईंनी लिहून घेतलं. "घरात कायम राहणारी माणसं किती?"

"दोन," आरासेलीने ठोकून सांगितलं.

"अहो, उद्या अकराला माझी गाडी आहे," फुएनसांता हळूच म्हणाली.

"गाड्या काय, रोज असतात."

परीक्षक बाईंनी पेन थांबवून फुएनसांताकडे पाहिलं. तिने भिंतीला टेकवलेली काठी हातात घेतली. बाईंनी दोनचा आकडा घातला.