मेक जोहची सेमाह

जिवंत माणसांसमोर माझा आवाज फुटत नाही. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, तरी मागच्या बाकावरून "मास्तर, जरा मोठ्यानं" हे कधी थांबलं नाही. मोठ्यानं बोललो असेन तर फक्त मेलेल्यांशी.

निवृत्त झालो त्याच वर्षी आमच्या गावच्या म्हाताऱ्या इमामांची नजर अधू झाली आणि तल्कीन वाचायचं काम माझ्याकडे आलं. माती लोटून झाली की कबरीच्या उशाशी चटईवर बसायचं. आत निजलेल्याला त्याच्या आईच्या नावानं हाक मारायची आणि सांगायचं, की आता दोन फरिश्ते येतील, घाबरू नकोस, तुझा रब कोण म्हणून विचारतील, तर असं असं उत्तर दे. परीक्षेच्या दाराशी घेतलेली उजळणीच ती. शेवटचा माणूस सात पावलं लांब गेला की फरिश्ते येतात, असं आमच्याकडे धरतात. आईचं नाव ठाऊक नसेल तर 'हव्वाची लेक' म्हणावं, असं किताबात आहे. आपल्या सगळ्यांचीच ती आई.

माझ्या बायकोच्या, सेमाहच्या, आईचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. नदीपलीकडे भाजी पिकवणारा एक चिनी माणूस आपली पाचवी मुलगी टोपलीत घालून मेक जोहकडे आला. मुलगी तीन दिवसांची होती. मेक जोहचं स्वतःचं मूल जाऊन आठवडा झाला होता आणि तिला पान्हा आवरत नव्हता. तिनं टोपली घेतली, पोर छातीशी धरली आणि चिनी माणसाला भात वाढला. त्या पोरीच्या आईचं नाव विचारायचं तिला सुचलं नाही. पुढच्या वर्षी ते कुटुंब दक्षिणेला कुठंतरी निघून गेलं.

आमच्या निकाहाच्या दिवशी काझी म्हणाले, पाळणारा बाप वली होऊन मुलगी देऊ शकत नाही. ते बरोबरच होतं. सेमाहचे वडील त्या दिवसासाठी घेतलेलं जरीचं वस्त्र कमरेला गुंडाळून पुढं येऊन बसले होते. ते उठले आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. काझींनी स्वतः वली होऊन मुलगी मला दिली. आत स्वयंपाकघरात मेक जोह रडत होती, ते मला ऐकू येत होतं. मी मान खाली घालून बसून राहिलो.

सेमाहनं ते मनात ठेवलं. बेचाळीस वर्षांनी, भातात घालायला शेंगा चिरता चिरता तिनं विषय काढला. तेव्हा तिची आठवड्यातून तीनदा तालुक्याला डायलिसिसची फेरी सुरू झाली होती.

"मास्तर, मी गेले की मला काय म्हणून हाक मारणार?"

"कोण आधी जाईल, कुणाला ठाऊक."

"मीच. तुम्ही दमेकरी चिवट असता. सांगा, काय म्हणणार?"

"किताबाप्रमाणे... हव्वाची लेक."

"ही कोण बाई? मी हिला कधी भेटले? तिनं माझ्या केसातल्या उवा काढल्या का कधी?"

"अगं, ती सगळ्यांची आई."

"सगळ्यांची असू दे. मला हव्वाची म्हणालात तर मी उठायचीच नाही. म्हणेन, शेजारच्या कबरीतल्या कुणाला तरी बोलावतायत. मग फरिश्त्यांना उत्तर तुम्हीच द्या."

मी हसलो. ती हसली नाही. सुरी बाजूला ठेवून म्हणाली, "एका टोकाला किताबानं माझा बाप उठवून पायरीवर बसवला. दुसऱ्या टोकाला आई तरी राहू द्या. मेक जोहची सेमाह म्हणा. म्हणाल ना?"

"म्हणेन," मी म्हणालो.

"लिहून ठेवा. तुमच्या जिभेचा भरवसा नाही मला."

तिच्यासमोरच मी तल्कीनची पोथी काढली आणि नावासाठी सोडलेल्या जागेवर पेन्सिलीनं लिहिलं: मेक जोहची सेमाह. तिनं चष्मा लावून वाचलं आणि शेंगांकडे वळली.

मुलगी रोसनानी मेलबर्नला नर्स आहे. तिनं एकदा आईला सांगितलं होतं, की आता थुंकी तपासून नातेवाईक सापडतात, इंटरनेटवर लोक आयांना शोधून काढतात. सेमाह म्हणाली, "हरवली असेल तर शोधायची ना."

सेमाह गेली त्या दिवशी रोसनानीला विमान मिळालं नाही. दफन थांबवत नाहीत. "मला फोनवर दाखवा," ती म्हणाली, "आजीच्या नावानं हाक माराल ते मला ऐकायचंय." मला फोन धरता येत नव्हता, म्हणून मशिदीचे नवे इमाम उस्ताद हाझिम यांनी तो धरला. तिशीतला माणूस, आमच्याच गावात वाढलेला, काहिरात शिकून आलेला. दोन महिन्यांपूर्वी जुम्याच्या खुतब्यात त्यांनी सांगितलं होतं, की दत्तक मुलाला पाळणाऱ्याचं नाव लावू नये, कुराणात तसं स्पष्ट आहे. ते आमच्याबद्दल बोलत नव्हते, तरी मी तेव्हापासून त्यांची नजर चुकवत होतो.

मी चटईवर बसलो आणि पोथी उघडली. उस्ताद समोर उभे राहून टक लावून माझ्याकडे बघत होते. आवाज नेहमीसारखा खणखणीत निघाला. मग ती जागा आली. पेन्सिलीचं अक्षर मला स्वच्छ दिसत होतं. चूक निघाली तर काय, आणि तीसुद्धा हिच्याच कबरीवर, असं मनात आलं. माझ्या ज्ञानाबद्दल माझी कधीच खात्री नव्हती.

"हे सेमाह, हव्वाच्या लेकी," मी म्हणालो.

आणखी दोनदा हाक मारायची असते. तीनही वेळा मी तेच म्हणालो.

संध्याकाळी रोसनानीचा फोन आला. बराच वेळ ती रडली. मग म्हणाली, "बाबा, हाक मारलीत ना, तिथं आवाज तुटला बहुतेक. मला नीट कळलं नाही."

"तुटला असेल," मी म्हणालो. "इथं नेटवर्क कुठं धड असतं."

"हो," ती म्हणाली. "तसंच असेल."

उस्तादांनी तिला सगळं रेकॉर्डिंग पाठवलं होतं आणि मलाही. मी ते नंतर लावलं. पानांवरून वारा गेलेलासुद्धा ऐकू येत होता.

सातव्या दिवसाची केंदुरी झाली. शेजाऱ्यांनी भात आणि रस्सा शिजवला, तहलीलचा जप झाला, माणसं जेवून गेली. उस्ताद मागे राहून चटया गुंडाळू लागले. मी त्यांच्यापुढं पोथी ठेवली.

"इथून पुढं तुम्ही वाचा."

"का, मास्तर? तुमच्यासारखा आवाज नाही कुणाचा."

"वय झालं."

त्यांनी पोथी चाळली आणि त्या पानावर थांबले. पेन्सिलीच्या अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"मग हे का वाचलं नाहीत?"

"तुम्ही बघत होतात."

त्यांना ते कळायला थोडा वेळ लागला. "मी फोन धरला होता, मास्तर. तुम्ही चौकटीत येताय की नाही, ते बघत होतो."

"तुम्ही खुतब्यात म्हणाला होतात..."

"कागदावर नाव लावण्याबद्दल म्हणालो होतो." त्यांनी पोथी मिटली. "मेक जोहनं दूध पाजलं होतं ना? दूध पाजणाऱ्यांना कुराणात काय म्हटलंय, ते मी तुम्हाला सांगायचं? ती आयत तर लहानपणी, संध्याकाळच्या कुराणाच्या वर्गात, तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतली होती."

तुम्हाला दूध पाजणाऱ्या तुमच्या माता. माता असंच म्हटलंय तिथं. चौथा अध्याय. मला पन्नास वर्षं पाठ आहे.

"कदाचित माझं मत वेगळं पडलं असतं," उस्ताद हलकेच म्हणाले, "पण मी तोंड उघडलं नसतं. कुणीच उघडलं नसतं. सगळं गाव तेच नाव ऐकायला उभं होतं."

असरची नमाज झाल्यावर मी कब्रस्तानात गेलो. तिच्या डोक्याशी ठेवलेला दगड अजून हलत होता. मी तो दाबून बसवला आणि पाणी शिंपडलं. पोथी नेली नव्हती. आपल्या घरच्या बोलीत, कष्टानं, जिवंत माणसाशी बोलावं तसं म्हणालो, "सेमाह. मेक जोहची सेमाह. अगं, तुलाच हाक मारतोय."

आता याचा काही उपयोग नाही, हे मला ठाऊक होतं. जे विचारायचं ते सात दिवसांपूर्वीच विचारून झालं होतं, आणि तेव्हा ती, हाक दुसऱ्याच कुणाला तरी आहे असं समजून, गप्प पडून राहिली असेल.

निघालो तेव्हा पावलं मोजली. सहा टाकली आणि थांबलो. तिथंच चिंचेच्या बुंध्याला हात टेकून उभा राहिलो. सूर्य बुडून मगरिबची बांग झाली, तेव्हा सातवं टाकावंच लागलं.