नवव्या मजल्यावर पाठवलेली सुटकेस

मित्रांनो, नीट बसा. माझे बोलणे संपेपर्यंत कोणी उठायचे नाही. मी जुनी सुटकेस आहे, आणि माझ्या काळी मोठ्यांसमोर अशीच रीत होती. मला चाके नाहीत, हे आधीच सांगून टाकते. कारण हल्ली जो तो मला पाहिले की प्रथम माझ्या बुडाशी वाकून तेवढेच शोधतो. आजकालच्या बॅगा पाळीव पिल्लासारख्या माणसांच्या मागे मागे घरंगळत जातात. मला ते जमले नाही आणि त्याचे मी कधी मनाला लावूनही घेतले नाही. मला उचलावे लागते. मूठ घट्ट धरून, खांदा किंचित कलता करून, दमाने.

माझे अंग जाड पुठ्ठ्याच्या थरांचे आहे. सरस लावून, मोठ्या यंत्राखाली दाबून ते घडवले गेले. वरून कापड चढले, आठही कोपऱ्यांना पितळी टोप्या बसल्या आणि पुढे दोन खटके लागले. कारखान्यातून बाहेर पाठवण्यापूर्वी तिथल्या तपासनीस बाईंनी मला टेबलावरून खाली टाकून पाहिले. मी चरकले, पण साधा ओरखडाही उमटला नाही. तो ताठा अजून माझ्या अंगात आहे, असे लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

दुकानात मला निवडले ते एका रंगमास्तरांनी. कापडगिरणीत सुताला कोणता रंग द्यायचा, किती द्यायचा, हे ठरवणे त्यांचे काम. दुकानदार मला तपकिरी म्हणत होता. मास्तरांनी मला दारातल्या उजेडात नेले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "तपकिरी कुठली, ही तर अंजिरी आहे." त्या एका शब्दावर मी त्यांच्या घरची झाले.

पुढे कापडाचे नमुने पोटात घेऊन मी गावोगाव हिंडले. निघायच्या दिवशी मास्तरांची पत्नी, म्हणजे आमच्या मालकीणबाई, माझ्या मुठीला नावाची चिठ्ठी बांधत. त्यांची गाठ पावसाने भिजली तरी सुटत नसे आणि ती सोडायची कशी, हे त्यांनी कोणाला शिकवलेही नाही. त्यांचा दुसराही एक दंडक होता. घरातली मोलाची वस्तू प्रवासात माझ्याच पोटात ठेवायची. हातातली पर्स माणूस बाकावर विसरतो, खिसा कापला जातो; सुटकेस मात्र पायाशी असते, तिच्यावर टाच टेकवून बसता येते. आयुष्यभर त्या तशाच बसल्या. माझ्या पाठीवर त्यांच्या टाचेची एक गुळगुळीत जागा तयार झाली आहे.

मग चाकांच्या बॅगा आल्या आणि मी कपाटावर गेले. पोटात जादा पांघरुणे, अंगावर धूळ. विमा कचेरीत काम करणारा त्यांचा मुलगा अधूनमधून मला भंगारात देण्याची भाषा करी. सून बालवाडीत शिकवते. ती मला पुसून परत ठेवी. कपाटावरून घरातले सगळे ऐकू येते, आणि जे ऐकू आले त्याने माझा जीव थोडा थोडा होऊ लागला. मास्तरांना कंपवात जडला होता. हात थरथरत. गोळी वेळेवर पोटात गेली तर ते चालत, बोलत, चहाचा कप स्वतः धरत. वेळ टळली की अंग लाकडासारखे ताठ होई, जीभसुद्धा वळत नसे.

अशात मास्तरांनी एक इच्छा बोलून दाखवली. चालता येते आहे तोवर एकदा जहाजातून प्रवास करायचा. चहूकडे पाण्याशिवाय काही दिसत नाही, तेव्हा त्या पाण्याचा रंग कसा असतो, तो त्यांना पाहायचा होता.

झाले, घरात खल सुरू झाला. जहाज पकडायला बंदरे दोन. एक आमच्या गावापासून मोटारीने जाण्याजोगे, छोटे. दुसरे दूरच्या महानगरातले, तिथे विमानाने जावे लागे. त्या हंगामात जहाजाच्या कंपनीने छोट्या बंदरालाही एक मोठे, नवे कोरे जहाज दिले होते. सगळे खूश झाले आणि जागा पक्क्या झाल्या. केबिन मिळाली नवव्या मजल्यावर. मालकीणबाईंना तयारीत उशीर खपत नाही. त्यांनी त्याच दिवशी मला खाली उतरवले, चिठ्ठीवर जहाजाचे नाव, नववा मजला आणि केबिनचा क्रमांक ठसठशीत अक्षरांत लिहिला आणि चिठ्ठी माझ्या मुठीला बांधून टाकली. इतक्या वर्षांनी ती गाठ अंगाला लागली आणि मी मोहरून गेले.

पण निघण्याची तारीख जवळ आली तशी कंपनीने बेत फिरवला. नवे जहाज महानगराच्या बंदराला दिले आणि आमच्या बंदराला एक लहान, जुने जहाज लावले. प्रवाशांना कळवले की बंदर धरून राहायचे की जहाज, ते तुमचे तुम्ही ठरवा.

मुलाचे मत जहाजाच्या बाजूने होते. विमा कचेरीत बसून बसून त्याला प्रत्येक गोष्टीत आधी अपघात दिसतो, असे सून म्हणे. तरी त्याचे मुद्दे वावगे नव्हते. लहान जहाज लाटांवर जास्त डोलते. त्यावरचा दवाखाना म्हणजे एक खोली. बाबांना काही झाले तर करायचे काय? सुनेचे म्हणणे निराळे होते. विमानतळावरच्या रांगा, तपासण्या, नंतर परक्या शहरातला रात्रीचा मुक्काम, आणि या सगळ्यात गोळ्यांच्या वेळा सांभाळणे. बाबा जहाजापर्यंत पोचतील तरी का? दोघांचेही खरे होते आणि म्हणूनच निर्णय होत नव्हता. जेवताना तोच विषय, भांडी आवरताना तोच. मास्तर मात्र एकदा याच्या तोंडाकडे पाहत, एकदा तिच्या.

मित्रांनो, त्या वादात माझाही जीव टांगणीला लागला होता. विमानात वजनाला मर्यादा असते. मी रिकामीच इतकी जड, की मला कोणी नेले नसते. महानगराचे बंदर ठरले असते तर मी परत कपाटावर गेले असते, आणि या खेपेला कायमची.

शेवटी मुलगा वैतागून म्हणाला, "आई, अगं ते डबडं आहे डबडं. कंपनीला नको झालंय म्हणून इकडे ढकललंय."

मालकीणबाई नवऱ्याच्या शर्टाचे बटण लावत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "जुनं झालं म्हणून डबडं म्हणायचं असेल तर या घरात तीन डबडी आहेत. एक तुझी आई, एक तुझे बाबा आणि एक ही सुटकेस. आपण इथूनच जाणार."

विषय संपला. मला त्यांनी स्वतःच्या रांगेत बसवले, या अभिमानात मी इतकी बुडाले की धोका कुठे आहे, हे माझ्याही ध्यानात आले नाही.

निघायच्या दिवशी सुनेने सगळ्या बॅगांच्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या आणि आता ठरलेल्या लहान जहाजाच्या लावल्या. बालवाडीत पोरांच्या डब्यांपासून टोप्यांपर्यंत नावे लावण्याची तिला सवय आहे. माझ्यापाशी येऊन तिने कात्री पुढे केली, तशा मालकीणबाई गरजल्या.

"माझ्या गाठीला कात्री लावायची नाही."

"आई, हिच्यावर आधीच्या जहाजाचं नाव आहे. तेवढीच बदलते."

"मी बघते. तू तुझ्या बॅगा बघ."

बघायचे राहून गेले. मोटार दारात आली, मास्तरांना जिना उतरवायचा होता, आणि घाईत मालकीणबाईंनी गोळ्यांच्या डब्या माझ्या पोटात ठेवून खटके लावले. त्यांच्या दंडकाप्रमाणे औषधाला याहून सुरक्षित जागा नव्हती.

आता जहाजाची रीत ऐका. ती आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती. धक्क्यावर पोचताच हमाल सामान ताब्यात घेतात. माणसे एका दाराने जातात, सामान दुसऱ्या दाराने, आणि ते केबिनच्या दाराशी पोचते पुष्कळ उशिरा. मालकीणबाईंनी मला देताना हात आखडता घेतला. पण मागून लोक रेटत होते, मास्तर बंदरावरच्या चाकांच्या खुर्चीत बसले होते आणि हमालाने मला केव्हाच उचलले होते. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर त्यांची टाच नव्हती.

जहाजाच्या पोटातल्या सामानाच्या दालनात चाकांच्या बॅगांचे ढीग लागले होते. एकेक करून त्या वर जाऊ लागल्या. माझी चिठ्ठी वाचून एक हमाल हसला आणि दुसऱ्याला म्हणाला, "नववा मजला लिहिलाय. आपलं जहाज सहा मजल्यांचं. हिला काय ढगात पोचवू?"

दुसऱ्याने जहाजाचे नाव वाचले. "चुकून आलीय. परत जाणाऱ्या गाडीवर टाक, धक्क्यावरच्या हापिसात जाईल."

त्यांनी मला एका ढकलगाडीवर, दाराजवळ ठेवले. बाहेर धक्क्याचा दगड दिसत होता. माझ्या आत, पांघरुणाच्या वासात, मास्तरांचे चालणे-बोलणे होते, आणि मला तोंड नव्हते. इतक्या वर्षांत चाके नसल्याचे दुःख मी केले नव्हते. त्या दिवशी केले. चाके असती तर मी लोळत, आपटत, कशीही वर गेले असते.

वर काय घडत होते ते मला नंतर त्यांच्याच बोलण्यातून समजले. गोळीची वेळ आली, सामान आले नाही. मास्तरांची बोटे खुर्चीच्या हातावर आवळत चालली. सून जहाजाच्या डॉक्टरांना घेऊन आली. सगळे मुलाला वाटले होते तसेच निघाले: दवाखाना एका खोलीचा आणि त्यात ते औषध नाही. मुलाने बंदराबाहेरच्या औषधांच्या दुकानात फोन लावला. तिथे ते मागवून घ्यावे लागणार होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की शिडी काढण्याआधी गोळ्या सापडल्या तर ठीक. नाहीतर आजोबांना उतरावे लागेल, एकदा जहाज सुटले की ही जोखीम ते घेणार नाहीत.

सामानाच्या मुकादमाने विचारले, सुटकेस कोणत्या रंगाची? मुलगा म्हणाला, काळी. सून म्हणाली, विटकरी असेल. मालकीणबाई म्हणाल्या, तपकिरी. मुकादम तिघांच्या तोंडाकडे पाहत राहिला. एकाच घरातली माणसे, आणि मी वर्षानुवर्षे त्यांच्या डोक्यावरच होते. मास्तरांची जीभ जड झाली होती, तरी त्यांनी काहीतरी म्हटले. सून त्यांच्या ओठांशी वाकली. "अंजिरी," ते म्हणत होते. बिचाऱ्या मुकादमाला तो रंग ठाऊकच नव्हता.

तेव्हा मालकीणबाई उठल्या. मुलगा अजून बोलत होता, महानगराच्या बंदराचे काहीतरी. त्याला त्यांनी हातानेच थांबवले. मग त्या सुनेसमोर उभ्या राहिल्या. ज्या बाईने उभ्या आयुष्यात गाठ बांधताना दोन वेळा विचार केला नव्हता, तिचा आवाज त्या दिवशी प्रथमच खाली आला.

"तिच्यावर जुनीच चिठ्ठी आहे. नवव्या मजल्याची. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. चूक माझी आहे. पळ."

सून पळाली. मुकादम पुढे, ती मागे. लिफ्ट भरलेली होती, म्हणून जिन्यानेच ती खाली आली. मी तोवर दाराबाहेर गेले होते. ढकलगाडीची पुढची चाके धक्क्याच्या उतारावर होती आणि वर शिडी काढण्याची हाकाटी सुरू झाली होती. तिने रंग पाहिला नाही, चिठ्ठीही वाचली नाही. लांबूनच गाठ ओळखली. "तीच," एवढेच म्हणाली आणि मला उचलले. मुकादम हात पुढे करत होता, पण तिने मूठ सोडली नाही. इतके जिने ती मला घेऊन चढली. तिचा श्वास माझ्या झाकणावर आदळत होता. चाके असलेली बॅग तिने ओढली असती. मला तिने छातीशी धरले होते.

खटके उघडले. गोळी मास्तरांच्या जिभेवर गेली, वर पाण्याचा घोट गेला. मग आम्ही सगळे वाट पाहत बसलो. भोंगा झाला. डॉक्टर दारात उभे, मुलगा भिंतीला टेकलेला, मालकीणबाई नवऱ्याची आवळलेली मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून. जहाज हलले की नाही ते कळत नव्हते. मूठ हलते का, याकडेच सगळ्यांचे डोळे. बऱ्याच वेळाने करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचे बोट. डॉक्टर दार ओढून निघून गेले.

मास्तरांनी मोकळा झालेला हात माझ्या झाकणावर ठेवला आणि खिडकीकडे मान वळवली. किनारा मागे पडला होता. "अजून हिरवट आहे," ते हळूच म्हणाले. "पुढे बदलेल."

मालकीणबाईंनी सुनेच्या हातात कात्री दिली. सुनेने गाठ कापली आणि नवी चिठ्ठी काढली, तशा त्या म्हणाल्या, "थांब. इकडे ये, ही गाठ कशी मारायची ते दाखवते. आणि सोडायची कशी, तेही बघून ठेव." गोळ्यांच्या डब्या मात्र त्यांनी सुनेच्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवल्या. मला त्याचे वाईट वाटले नाही.

आता मी पुन्हा कपाटावर आहे, पण पोटात पांघरुणे नाहीत. मला रिकामी ठेवतात. न जाणो, पुन्हा निघावे लागले तर. तेव्हा मित्रांनो, उठण्यापूर्वी एवढे ऐकून जा. तुमच्या घरात कोपऱ्यात, माळ्यावर, खुर्चीत कोणी जुने असेल, तर त्याचा रंग एकदा उजेडात नेऊन नीट पाहून ठेवा. हरवल्यावर विचारला तर सांगता आला पाहिजे. आणि ते जड लागते म्हणून कुरकुरू नका. ज्यांना चाके नाहीत, त्यांना उचलावे लागते. मूठ घट्ट धरायची, खांदा किंचित कलता करायचा, आणि दमाने चालायचे.

जा आता.