टॉवेलाखालचा हात

मॅट्रिक झालो त्या उन्हाळ्यात, १९६१ साली, दाजीकाकांनी माझं मुंबईच्या मोठ्या कॉमर्स कॉलेजात जाणं परस्पर ठरवून टाकलं. तिथली मुलं म्हणे व्यासपीठावर भाषणं ठोकत. माझी जीभ चार माणसांतही टाळ्याला चिकटायची.

"तोंड उघडूक नको? मुको व्यापारी खंय बघितलंस?" मसुऱ्याच्या आमच्या आंब्याच्या बागेत काका सगळ्यांदेखत म्हणाले आणि त्यांनी मलाच कोल्हापूरच्या दलालापुढे ढकललं. "घे, दर ठरव."

दलालाने आमच्या हातांवर टॉवेल टाकला. टॉवेलाखाली बोटं दाबून दर सांगायचा, तोंडाने काही बोलायचं नाही, अशी रीत. त्याच्या तळव्याला घाम होता. याला माल हवाच आहे, हे मला कळलं. मी एक बोट वाढवून धरलं आणि सोडलंच नाही. शेवटी तो हसला. "पोरगं मुकं न्हाई, चिवट हाय!"

काका खुलले. "बघ, मुंबयत तर सोना होतला तुझा!"

"माका मुंबयक जावचा नाय," मी म्हणालो. तो आवाज माझाच होता, यावर अजून विश्वास बसत नाही. "कोल्हापुराक जातलंय. थंयच्या कॉलेजात मुलां थोडी, आणि शिकताना गुळाच्या पेठेत धाडतत."

"लोक हसतले!"

"हसांदेत."

काकांनी टॉवेल आपल्या हातावर ओढला आणि आत माझं एक बोट दाबलं. "एक वर्स तरी मुंबयत काढ."

मी बोट मिटून मूठ वळली. काका ती उघडायला बघत राहिले. ती उघडली नाही.