परजीवी, पण कुणावर?

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे. बारीक किडे मोठे करून दाखवणारी. हुश्श! आज हे निवांतपणे सांगता येतंय, कारण काल माझा जीव टांगणीला लागला होता.

माझा जन्म कारखान्यातला. काच घासून घासून मला गोल केलं, धातूच्या नळीत बसवलं. मग जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी मला घरी आणलं. आम्ही दोघींनी फुलांवरचे, भिंतींवरचे, खिडकीच्या जाळीवरचे किती किडे टिपले! फोटो बघून लोक "अगंबाई!" म्हणायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचे. पुढे फोनमध्येच कॅमेरे आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथल्या दमटपणाने माझ्या कडेला बुरशी धरली. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

काल बाईंच्या भाचीचा फोन आला. तिने काचेच्या घरात ढोबळी मिरची लावली आहे, आयुष्यातलं पहिलंच पीक. पानांवर मावा पडला होता, म्हणजे रस शोषणारे हिरवे किडे. त्यांच्यात तिळाहून लहान, काळे, उडते जीव फिरत होते. फोनने काढलेल्या फोटोत ते नुसते ठिपके दिसत. बाई मला कॅमेऱ्यावर चढवून तडक तिथे पोहोचल्या. फोटो काढून त्यांनी कीटक ओळखणाऱ्या मैत्रिणीला पाठवला. उत्तर आलं, "परजीवी गांधीलमाशी. पंख नीट दिसू देत, मग पुढचं सांगते."

"परजीवी!" भाची किंचाळली. "आधीच मावा, त्यात ही बया! अरे, फवारणीचा पंप भर!"

"भरलाच आहे," तिचा नवरा म्हणाला.

"थांबा रे!" बाई म्हणाल्या. "परजीवी आहे, पण कुणावर? मिरचीवर की माव्यावर?"

"आत्या, तू फोटो काढत बस. तोवर माझं पीक जाईल!"

"दोन मिनिटं दे गं."

बाईंनी श्वास रोखला. नशीब, माझी मधली काच अजून स्वच्छ होती. ती चिमुकली माशी माव्यातल्या एका किड्यापाशी थबकली, तिने पोट पायांखालून पुढे वळवलं आणि शेपटाचं टोक त्याच्या अंगात खुपसलं. टिपलं! पंखांच्या शिरांसकट.

बाईंनी हाही फोटो पाठवला आणि आता मैत्रिणीचा फोनच आला. "अगं, ती किड्याच्या पोटात अंडी घालतेय! आतली अळी त्याला पोखरून खाते. पानांवर फुगलेले, तपकिरी किडे दिसतायत का? ते हिचंच काम. फवारलंत तर आपल्याच माणसांना माराल."

भाचीने पान उलटं केलं. खाली तपकिरी फुगेच फुगे होते. ती मटकन क्रेटवर बसली आणि रडता रडता हसू लागली. "बाप रे, थोडक्यात वाचल्या गं बिचाऱ्या!" नवऱ्याने पंप बाहेर नेऊन ठेवला. मला इतकं हलकं वाटलं, की विचारू नका.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना दमट कपाटात कोंडू नका. कोरड्या कापडाने पुसा, अधूनमधून उजेड दाखवा. आणि नुसतं नाव ऐकून कुणाच्या जिवावर उठू नका. निघताना बाई मला कॅमेऱ्यासकट पिशवीत घालू लागल्या, तर भाचीने त्यांचा हात धरला.

"आत्या, ही इथेच राहू दे. यापुढे झाडावर कुणीही येवो, मी आधी त्याचा चेहरा बघणार आहे."