बारक्याने कुरतडलेली चौकट

मित्रांनो, घरात शिरताना तुमचा हात सहज ज्या लाकडावर टेकतो ना, ते लाकूड म्हणजे मी. मी एक जुनी सागवानी चौकट आहे. साखरशेतजवळच्या एका पाड्यावर भागी आणि जैतू हे नवरा-बायको राहतात. त्यांच्या घराच्या दाराला मी उभी आहे. आज तुम्हाला माझी गोष्ट सांगायला बसले खरी, पण माझे अर्धे लक्ष घराच्या आत आहे. आत एक लहान कुत्रा एकटा आहे.

माझा जन्म जव्हारचा. बाजारातल्या एका किराणा दुकानासाठी सुताराने मला घडवले. त्याने इतका रंधा मारला की माझ्या अंगावरून बोट फिरवले तरी कुठे अडत नसे. दुकानात येणारे लोक मला टेकून गप्पा मारत आणि लाकडाचे कौतुक करत. मला त्याचा फार अभिमान वाटे. पुढे ते दुकान पाडले. नव्या दुकानाला लोखंडी शटर आले आणि मी मागच्या अंगणात जाऊन पडले. पाऊस अंगावर घेतला, शेवाळ चढले, कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. आता आपण चुलीत जाणार, असे मला रोज वाटे.

जैतू त्या बांधकामावर मजुरीला होता. त्याने मालकाला विचारले आणि मला जीपच्या टपावर बांधून पाड्यावर आणले. तोपर्यंत त्यांच्या घराला धड दार नव्हते. रात्री कारवीच्या काठ्यांची एक ताटी आडवी लावून ते झोपत. जैतूने मला कुडाच्या भिंतीत घट्ट बसवले, जाड फळ्यांचे दार लावले, बाहेरून कडी ठोकली. भागीने माझ्यावर तेलाचा हात फिरवला आणि म्हणाली, "आता निजायला भ्याव नाय."

तिचे भय खोटे नव्हते. आमच्या पाड्यावर दिवस मावळताना बिबट्या येतो. शेजारच्या सुकरी म्हातारीचा कुत्रा त्याने ओटीवरून उचलला होता. कुत्रा एकदाच ओरडला, तो आवाज मी ऐकला आहे.

त्यानंतर काही महिन्यांनी भागी मोखाड्याच्या बाजारातून आली ती पदरात एक पिल्लू घेऊन. जीपच्या चाकाखाली बसले होते म्हणे. इतके लहान, की जैतूने त्याचे नाव बारक्या ठेवले. भात लावणीच्या दिवसांत भागी गावातल्याच शेतांवर कामाला जायची. बारक्या तिच्या मागे मागे बांधावरून पळायचा. कापणीतही तो तिच्यासोबत होता. त्याने तिला एक दिवसही सोडले नाही.

कापणी संपली आणि गावातले काम संपले. मग दोघांना जव्हारमध्ये बांधकामावर काम मिळाले. जीपमध्ये कुत्रा कोण घेणार? बाहेर सोडावा तर परतायला दिवस मावळतो आणि तेव्हाच बिबट्याची वेळ. म्हणून भागीने बारक्याला घरात ठेवले, पाणी ठेवले, नाचणीची भाकर ठेवली आणि बाहेरून कडी लावली.

मित्रांनो, त्या दिवशी काय झाले ते मी कधी विसरणार नाही. आधी तो दाराशी उभा राहून वाट पाहत राहिला. मग रडला. मग दार खरवडू लागला. आणि शेवटी त्याने माझ्या उजव्या बाजूच्या लाकडाला, अगदी खाली, दात लावले. एवढ्याशा तोंडात एवढे बळ कुठून आले, मला कळेना. संध्याकाळी भागीने दार उघडले तेव्हा उंबऱ्यावर भुसा पडला होता आणि बारक्या तिच्या पायांत लोळत होता.

"खोडकर आहे," जैतू म्हणाला. "दोन दिवसांनी गप बसंल."

तो गप्प बसला नाही. रोज दार लागले की तेच. भागीने मिरचीपूड पाण्यात कालवून मला फासली. बारक्याला शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी वाहिले, आणि तो दुसऱ्या बाजूला कुरतडू लागला. मग तिने कडू करंजतेल लावले. तेलाचा वास गेला तसे दात परत आले. खालची बिजागरी सैल झाली. दाराची खालची फळी ढकलली की हलू लागली. मला माझ्या रूपाची काळजी राहिली नव्हती. मला वाटे, अजून थोडे लाकूड गेले की हा त्या फटीतून बाहेर पडेल. आणि बाहेर पडला तर?

जैतूने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून माझ्यावर ठोकला. आता तरी सुटले, असे मला वाटले. पण दुसऱ्या दिवशी बारक्याने पत्र्यालाही दात लावले आणि त्याची हिरडी फाटली. माझ्यावर, पत्र्यावर, उंबऱ्यावर रक्त सांडले. तरी तो थांबला नाही.

संध्याकाळी ते रक्त बघून जैतू खाली बसला. त्याने पत्र्याची कड बोटाने चाचपली. मग म्हणाला, "याचं आपल्याच्यानं होणार नाय. बाजाराच्या दिवशी मोखाड्याला नेऊन सोडतो. हॉटेलापाशी खाईल काहीतरी."

भागी बारक्याचे तोंड पुसत होती. 

दुसऱ्या सकाळी जैतू पुढे गेला. भागीने कडी लावली आणि तीही निघाली. पण डबा घरातच राहिला होता, म्हणून ती वाटेवरून परत आली. दाराशी पोचली आणि तिचा हात कडीवरच थांबला. आतून बारक्याचे रडणे ऐकू येत होते. ती नसताना तो कसा रडतो, हे तिने कधी ऐकलेच नव्हते. मग नखांचा आवाज आला. मग दातांचा.

"बारक्या," ती हळूच म्हणाली.

सगळे थांबले. दाराखालच्या फटीतून एक ओले नाक बाहेर आले. भागी उंबऱ्याशी बसली, फटीत बोट घातले आणि तो ते बोट चाटत राहिला. त्याचे सगळे अंग थरथरत होते. ती थरथर फळीतून माझ्यापर्यंत येत होती. भागी त्या दिवशी कामाला गेली नाही.

रात्री जेवताना ती जैतूला म्हणाली, "तो लाकूड खात नाय."

"मंग काय करतो?"

"बाहेर यायला बघतो. आपल्यामागं. त्याची भाकर बघितलीस कधी? रोज तशीच असते. भुकेला असता तर भाकर खाल्ली असती ना."

जैतूने मान वळवून बारक्याकडे बघितले.

"माझी आय भट्टीवर इटा पाडायची," भागी म्हणाली. "मला झोपडीत कोंडून जायची. मी हातानं कूड उसवलेला. नखं निघाली माझी. पण मला कोणी बाजारात नाय सोडलं."

जैतूने हात धुतला. उठला, पकड घेतली आणि माझ्यावरचा पत्रा काढून टाकला.

तिथून पुढे भागीने बारक्याला एकटे राहायला शिकवले, जसे लहान मुलाला चालायला शिकवतात तसे. काही दिवस ती कामाला गेली नाही, जैतू एकटाच जाई. ती कडी लावून नुसती बाहेर उभी राही आणि तो रडायच्या आत परत आत येई. मग विहिरीपर्यंत जाऊन येई. मग सुकरीच्या घरी थोडी बसून येई. येताना लाड नाही, ओरडणे नाही, जणू काही झालेच नाही. सकाळी ती त्याला टेकडीवर पळवून आणी, म्हणजे तो दमून झोपे. दारापासून लांब, कोपऱ्यात तिने आपले जुने लुगडे अंथरले. जैतूने जुन्या दोराची जाड गाठ मारली, ती पेजेत भिजवून त्याच्यापुढे टाकली. दात शिवशिवले की बारक्या ती चावत बसे. कधी चांगला दिवस जाई, कधी पुन्हा माझ्या अंगावर ओरखडे उठत. भागी ते बघे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विहिरीपासून सुरुवात करी.

शेवटी तीही कामावर जाऊ लागली. आणि एका संध्याकाळी ते दोघे आलेच नाहीत.

ऊन गेले. शेळ्या घरी आल्या. पलीकडे कोणीतरी ओरडून सांगत होते की ओढ्याकाठी बिबट्याचे पाय उमटलेत, पोरांना आत घ्या. बारक्या उठला. दाराशी आला. एकदा रडला. मग त्याने माझ्या त्याच झिजलेल्या जागेवर दात टेकवले. मला वाटले, आता संपले. हलणारी फळी आहे, बाहेर अंधारून आले आहे. मी लाकूड आहे, मित्रांनो, मला हाक मारता येत नाही. मी नुसती उभी राहिले.

दोघे आले ते धावतच. घाटात जीपचे चाक पंक्चर झाले होते. भागीने कडी काढायच्याही आधी वाकून फळी चाचपली. ती जागेवर होती. दार उघडले तर बारक्या लुगड्यावर बसला होता, दोराची गाठ तोंडात धरून. तो उठून तिच्याकडे आला. भागीने माझ्या खालच्या लाकडावरून बोटे फिरवली.

"ओलं आहे," ती जैतूला म्हणाली. "पण खाल्लं नाय."

जैतूने टॉर्च धरून पाहिले आणि पुढच्या सुट्टीच्या दिवशी माझा कुरतडलेला भाग कापून तिथे नवा तुकडा बसवला. बिजागरी घट्ट केली.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे पिल्लू असेल. ते दार, खुर्ची, पलंगाचा पाय कुरतडत असेल. त्याला मारण्याआधी एक करा. दार लावून थोडा वेळ बाहेर उभे राहा आणि ऐका. लाकूड बदलता येते. ते भय मात्र कोणीतरी बसून, हळूहळूच काढावे लागते.

आज सकाळी भागी गेली तेव्हा बारक्या दारापर्यंत आला, कडीचा आवाज ऐकला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. अजून तिथेच आहे. दिवस मावळायला मात्र बराच वेळ आहे.