पदीचं वासाचं पाणी

कोपरीच्या आगऱ्यांच्या आळीत नाकानंच दिवस कळायचा. ओहोटी लागली की खाडीच्या चिखलाचा वास यायचा, दुपार कलली की सुकटीचा. आणि सकाळी, उन्हं छपरावर यायच्या आत, आळीच्या टोकाला पदीबायच्या अंगणात रिठे उकळायला लागले की सगळ्या वासांवर तो एक वास चढून बसायचा.

पदीचा नवरा मिठागरातच खपला. पदरी मूलबाळ नाही. त्याच्या मागं काही वर्षं तिनंही मिठाच्या पाट्या वाहिल्या, पण टाचांच्या भेगांत मीठ शिरून शिरून पाय असे फुटले की चुलीपर्यंत जायचं म्हणजे सुळावर चालायचं. मग आईकडून आलेली विद्या तिनं बाहेर काढली. केळीच्या खुंटाची राख पाण्यात कालवून निवळ काढायची, त्यात रिठे फोडून शिजवायचे, चोथा हातानं कुस्करून गाळून घ्यायचा. लिंबाच्या साली, गवती चहाची पात, मूठभर कडुनिंब नि वाळ्याची जुडी रात्रभर भिजवून ते पाणी त्यात ओतायचं. दाट, तांबूस पाणी व्हायचं. फरशीवर टाकून काथ्यानं घासलं की फेस यायचा आणि घर दोन दिवस असं घमघमायचं, की वाटावं कुणीतरी आताच न्हाऊन बाहेर आलंय. कोपरीच्या बाया ते सारवणात घालायच्या. पण खरं गिऱ्हाईक होतं रुळांपलीकडे, नौपाड्यात. तिथं फरशीची घरं, पितळेची भांडी, लाकडी देव्हारे. त्र्यंबक वकिलांच्या वहिनीबाई तर पदीच्या पाण्याशिवाय देवघराला हात लावायच्या नाहीत.

तिच्या हाताखाली शेजारच्या विश्रामची बायको होती, चांगुणा. मुरबाडकडून लग्न होऊन आलेली, विशीतली, हसरी. विश्राम मिठागरावर गेला की ही उखळ ओढून पदीच्या अंगणात यायची आणि रिठे फोडता फोडता सगळ्या आळीच्या नकला करायची. पदी तिला ओरडायची आणि पदराआड हसायची. पोटची पोर असती तर याहून वेगळी ती काय असती, असं तिला वाटायचं. बोलून मात्र कधी दाखवलं नाही.

मग ते गाठीच्या तापाचं साल उजाडलं. मुंबईत माणसं पटापट मरतायत अशी बातमी आधी आली, मग मुंबईतली माणसंच आली, आणि त्यांच्या मागनं ताप आला. ठाण्यात पहिली मढी निघाली तेव्हा भात कणगीत पडून झालं होतं नि थंडी सरत आली होती. एवढं मात्र अडाण्यालाही ठाऊक होतं, की घरात उंदीर पडायला लागले की घर सोडायचं. सरकारचा हुकूमही तोच होता. उंदीर पडला तर पाटलाला कळवा, आळी रिकामी करा, शेतात झोपड्या घालून राहा. पण हुकुमामागून येणारी माणसं छप्पर उसवायची, गोधड्या जाळायची, घरभर जळजळीत औषध शिंपायची, आणि आजारी माणसाला उचलून न्यायची. नेलेलं माणूस सहसा परत येत नसे.

त्या दिवसांत पदीच्या तोंडून एक बोल गेला. नौपाड्यात कुणीतरी विचारलं, तुमच्या कोपरीत कसं आहे? पदी बोलून गेली, की आमची आळी ह्याच पाण्यानं धुतात, तिथं उंदीरच फिरकत नाही. बोलताना तिला ते थोडं खरंही वाटलं. पण त्या एका बोलानं तिचं पाणी असं खपायला लागलं, की रिठे पुरेनात. ज्या घरांनी तिला कधी पायरी चढू दिली नव्हती, ती घरं दारातून हाका मारायला लागली. पदी मान वर करून चालायला लागली. टाचा दुखायच्याही विसरल्या.

आणि एका सकाळी चांगुणा उखळ न घेताच आली. कुडाला टेकून उभी राहिली. तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

"बाय, कणगीमागं उंदीर परलान. एक नाय, लय हान."

पदीच्या हातातला काथ्या तसाच राहिला. तिनं आधी विचारलं ते हे, की कुणाला बोललीस का. चांगुणा म्हणाली, पहिली तुझ्याकडंच आले.

विश्राम घरातच होता. तो पाटलाकडे जायला निघालाच होता, डोक्याला फडकं बांधत होता. पदीनं त्याला दारात अडवलं. तो म्हणाला, सांगावं तर लागणारच. कोंबरा झाकला म्हनून उजारायचा ऱ्हात नाय. पदीनं त्याला समजावलं, चढवलं, घाबरवलं. तुझं छप्पर उसवतील, माझं उसवतील, साऱ्या आळीचं भात उघड्यावर पडेल. चांगूच्या गोधड्या जाळतील, तिच्या आईनं दिलेल्या. हे सगळं खरंच होतं. पण एक गोष्ट तिनं सांगितली नाही. तिच्या आळीत उंदीर पडल्याचं नौपाड्यात कळलं, तर तिच्या पाण्याला आणि तिच्या तोंडाला कुणी विचारणार नव्हतं.

"उंदीर खारीन टाक," ती म्हणाली. "बाकीचा मी बगतंय."

विश्रामनं उंदीर पाटीत भरून खाडीत टाकले. पदीनं कणगी हलवली, मागची भिंत खरवडली, आणि चांगुणाला सोबत घेऊन ते घर आपल्या पाण्यानं असं सारवलं की तसं कधी सारवलं गेलं नव्हतं. कुबट वास कुठच्या कुठं गेला. चांगुणा नाक वर करून म्हणाली, आता देवसुद्धा येऊन बसेल. दोघी दमून ओट्यावर बसल्या, कांजी प्यायल्या. पदीला वाटलं, जमलं.

तपासणीचे लोक आले तेव्हा तर ते जमलं होतं त्याहून जास्तच जमलं. एक गोरा साहेब, एक आपल्यातला डॉक्टर आणि पाटील काळुराम. घरोघर वाकून बघत, रुमाल नाकाला लावून, ते विश्रामच्या दारात आले आणि साहेबानं रुमाल खाली घेतला. आत गेला, हुंगून हुंगून पाहिलं. डॉक्टरला काहीतरी म्हणाला. डॉक्टरनं विचारलं, हे कशानं सारवलं? पाटलानं पदीला पुढं ढकललं. तिनं कसंबसं सांगितलं, रिठे, लिंबू, निंब. मग डॉक्टरनं साऱ्या आळीला जमवलं आणि मोठ्यानं सांगितलं, की साहेब फार खूश झालेत, घर असं पाहिजे, सर्वांनी ह्या बाईचं पाहून शिकावं. पाटलानं तर तिथंच ठरवून टाकलं, की गावातल्या प्रत्येक घरात पदीचं पाणी गेलं पाहिजे.

पदी खाली मान घालून उभी होती. लोकांना वाटलं, लाजली. त्या घोळक्यात चांगुणा तिच्याकडे बघत होती. तिनं डोळा बारीक केला आणि ओठ दाबून हसली, दोघींनी मिळून कैऱ्या चोरल्यासारखी. ते हसू पदीला आत कुठंतरी लागलं. तोंड उघडायची ती वेळ होती. डॉक्टर समोर होता, पाटील समोर होता. ती वेळ तिनं जाऊ दिली.

पुढं चार-सहा दिवस ती घराघरांत पाणी देत हिंडली. पाटलीणबाईंनी तिला ओट्यावर बसवून चहा पाजला. अर्धा चहा तसाच ठेवून ती उठली.

मग चांगुणा रिठे फोडता फोडता मुसळ खाली ठेवून म्हणाली, की अंग मोडल्यासारखं झालंय. पदीनं कपाळाला हात लावला आणि चटकन काढून घेतला. संध्याकाळपर्यंत चांगुणाला उभं राहवेना. जांघेत गाठ आली होती, बोराएवढी, मग लिंबाएवढी. ती गोधडीवर पाय आखडून पडली आणि लाजेनं ते कुणाला बघू देईना. दुसऱ्या दिवशी ओकारी, बडबड. घरानं एक गोडसर, कुजका वास धरला.

विश्राम पदीच्या दारात आला. डोळे तांबारलेले. त्याला ठाऊक होतं की तपासणीचे लोक दुपारी परत येणार आहेत.

"बाय, पानी मार," तो म्हणाला. "त्या दिसा मारलास तसा. नायतर नेतील तिला."

पदीनं रांजण कलंडून हंडा भरला. हंडा कडेवर घेतला आणि त्याच्या मागनं गेली. उंबऱ्यात पाय ठेवला तशी चांगुणानं डोळे उघडले. तिला माणसं ओळखू येत होती.

"बाय, माज्या अंगाला वास येतंय का गो?" तिनं विचारलं.

"नाय गो पोरी. कसला वास."

चांगुणाला बरं वाटलं असावं. तिनं डोळे मिटले. पदी हंडा घेऊन तिथंच उभी राहिली. घर भरून वास होता आणि ती आता ह्या पोरीच्या तोंडावरही खोटं बोलली होती. तिनं हंडा खाली ठेवला. विश्राम म्हणाला, मार ना. ती म्हणाली, नाही. आणि तशीच, ओल्या पदरानं, पाटलाकडे चालू लागली. विश्राम मागनं येऊन हात धरायला लागला, पाया पडायला लागला. ती थांबली नाही.

पाटलाच्या ओट्यावर चार माणसं होती. त्यांच्यासमोर तिनं सगळं सांगितलं. कणगीमागचे उंदीर, खाडी, सारवण, आणि साहेबापुढं मिटलेलं तोंड. विश्राम कळवायला निघाला होता, मी अडवलं, हेही सांगितलं. काळुराम पाटील तापट माणूस. पण तो ओरडला नाही. त्यानं विचारलं, की सारी आळी तुझ्या पाण्यावर विसंबून घरात बसली आहे, ते तुला ठाऊक होतं ना? पदी म्हणाली, होतं.

त्याच दिवशी आळी रिकामी झाली. शेतात, भाताच्या कापल्या खुंटांवर, कारवीच्या झोपड्या उभ्या राहिल्या. पाटलानं एवढं केलं, की चांगुणाला दूर न नेता झोपड्यांच्या पलीकडं एकटीला ठेवू दिलं. तिच्याजवळ पदीच बसली. पाणी पाजलं, ओकारी काढली, अंग पुसलं. चांगुणा तापात कुणाकुणाच्या नकला करत होती. एकदा तिनं पदीचीच नक्कल केली, ओरडून, आणि स्वतःच हसली. मग ती गेली.

तिला पोचवून आल्यावर विश्राम पदीसमोर उभा राहिला. पदीला वाटलं, मारेल. मारलं असतं तर तिनं मार खाल्ला असता.

"उंदरांच्या वक्ताला तुजा तोंड उगरला नाय," तो म्हणाला. "माजे बायकोच्या वक्ताला उगरला."

तेवढंच बोलून तो गेला. त्यानंतर त्यानं तिच्याशी कधी शब्द काढला नाही. आळीतली आणखी दोन माणसं दगावली, बाकीची वाचली. बायका तिच्या झोपडीवरनं जाताना पदर तोंडाला लावून जात. कुणी समोर शिव्या दिल्या नाहीत, आणि तेच तिला सोसत नव्हतं.

रिठ्यांची पोती घरातच राहिली होती. ती आणायला पदी गेली नाही. एका सकाळी मात्र तिला आठवलं, की रुळांपलीकडं लोक अजून तिच्याच बोलावर दारं लावून बसले असतील. ती उठली आणि रिकाम्या हातानं नौपाड्यात गेली.

वकिलांच्या दारात वहिनीबाई होत्या. पदीला बघून त्यांना हायसं वाटलं. म्हणाल्या, इतके दिवस कुठं होतीस, पाणी संपलंय, ह्या खेपेला दुप्पट लागेल, साहेबानं तुझी तारीफ केली म्हणे.

पदी पायरीखालीच उभी राहिली. "वहिनीबाय, ते पान्यान वास जातंय. मरी नाय जात. आमचे आलीन उंदीर परलं व्हतं, मी लपवला. पोर मेली माजी."

वहिनीबाईंच्या तोंडावरचा रंग उडाला. आतून त्र्यंबकराव आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि ताडताड बोलले. खोटारडी, हलकट, भोळ्या बायकांना फसवून पोट भरणारी. पुन्हा ह्या गल्लीत दिसलीस तर शिपायाच्या हवाली करीन. दार आपटून लावलं. आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. ज्यांनी तिचं पाणी हौसेनं घेतलं होतं त्यांनी वरून मडकी रिकामी केली, शिंतोडे तिच्या लुगड्यावर आले.

पदी पायरीवर बसली. जायला तिचे पाय उठले असते. पण वहिनीबाईंचा उडालेला रंग तिनं पाहिला होता, आणि तो रंग तिच्या ओळखीचा होता. ऊन चढलं. वरून शिव्या येत राहिल्या, आणि नवल म्हणजे प्रत्येक शिवीनं तिला थोडं बरं वाटत गेलं. इतक्या दिवसांत कुणी तिला तिच्या मापाचं काही बोललं नव्हतं.

बऱ्याच वेळानं दाराची कडी हळूच वाजली. वहिनीबाई एकट्याच बाहेर आल्या. हातात सूप होतं, वर फडकं झाकलेलं.

"परवापासून पडतायत," त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या. "कोठीच्या खोलीत. मी तुझ्याच पाण्यानं पुसून काढलं. ह्यांना सांगितलं नाही. तान्ह्याला घेऊन कुठं जायचं, म्हणून."

पदी उठली. सूप तिथंच खाली ठेवा म्हणाली, हात राखेनं धुवा, आणि ह्यावर पेंढा घालून जाळून टाका. मग घरात परत निजू नका, आजच निघा, उघड्या वाडीत झोपडी घाला. एवढं सांगताना तिनं वहिनीबाईंकडे पाहिलं नाही. मान फिरवून ती गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिली. आत्ता कुणी आपल्या तोंडाकडं बघू नये असं त्या बाईला किती वाटत असेल, हे पदीइतकं ठाण्यात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

मागं कोठीचं दार ओढल्याचा आवाज झाला. मग वहिनीबाई एकेका मुलाला नावानं हाका मारू लागल्या.

ते ऐकून पदी शेजारच्या दाराकडे वळली.