भरलाच परत आलेला तांब्या

मी एक जुना पितळी तांब्या आहे, फिरकीच्या झाकणाचा. ज्या दिवसाची मला सारखी आठवण येते, तो अगदी साधा दिवस होता. संजीवनीबाई मला पिशवीत घालून बदलापूरहून उल्हासनगरच्या कॅम्प चारच्या बाजारात गेल्या होत्या, नातीच्या, ओवीच्या, परकराचे कापड घ्यायला. सोबत मुलगी राजसी होती.

दुकानदार मुकेश हसून म्हणाला, "मौसी, भरून आणता, भरूनच नेता. तांब्याला फिरवायला आणता काय?"

"त्यालाही हवापालट नको का रे?" बाई म्हणाल्या. मग राजसीच्या कानाशी हळूच, "प्यायले तर जावं लागेल गं. इथे जायचं कुठे?"

राजसी काहीतरी बोलणार होती. पण तिने नुसतीच कापडाची घडी उलगडली.

मित्रांनो, मी पूर्वी असा नव्हतो. बाईंच्या आईने लेकीच्या लग्नात मला दिले. माझी फिरकी इतकी घट्ट, की आडवा पडलो तरी थेंब सांडत नसे. सहलीत मुले माझ्यावर तुटून पडत. घरी येताना मी रिकामा असे, आणि तेच माझे वैभव होते.

मग बाईंची पाळी थांबली. पुढे काही वर्षांत शिंक आली तरी लघवीचे थेंब गळू लागले, अधूनमधून जळजळ होऊ लागली. "वयाचंच आहे," म्हणून त्या गप्प राहिल्या. पाणी कमी तर त्रास कमी, असे त्यांना वाटे. झाले उलटेच.

कॅम्प चारहून आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांना हुडहुडी भरली. लघवीतला संसर्ग मूत्रपिंडात आणि तिथून रक्तात गेला होता.

"पाळी गेल्यावर हा त्रास पुष्कळजणींना होतो. यावर औषध आहे हो. आधी का नाही आणलंत?" दवाखान्यात डॉक्टरीणबाई राजसीला म्हणाल्या.

बाई घरी आल्या नाहीत. त्यांच्यासाठी भरलेले पाणी कितीतरी दिवस माझ्या पोटात तसेच होते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी बाहेर निघताना पाणी टाळत असेल, तर तिला जवळ बसून विचारा. हसू नका.

काल राजसीने मला चिंचेने घासले, भरले आणि आईच्या फोटोपुढे ठेवले. पुन्हा भरलाच राहणार, असे मला वाटले. पण तिने फिरकी उघडली आणि ती भांडे भरून पाणी प्यायली.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "मलाही होतं गं तसं. ओवी झाल्यापासून. आपण दोघी मिळून डॉक्टरकडे गेलो असतो."